जेसिंडा आर्डर्नचं घर: आई पंतप्रधान, बाळ बाबाच्या मांडीवर

24 सप्टेंबर 2018, न्यूयॉर्क, संयुक्त राष्ट्रांचं सभागृह, नेल्सन मंडेला शांतता परिषद. न्यूझीलंडची पंतप्रधान जेसिंडा आर्डर्न तीन महिन्यांच्या मुलीला खेळवतेय, हा फोटो तुम्ही बहुतेक बघितला असणार, महिला दिनाला तो कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच आणि खाली लिहिलेलं असतं की बाईने मनावर घेतलं तर ती सगळं करू शकते. मला त्या ओळीचा मनापासून त्रास होतो. कारण त्याच दिवशीचे बाकीचे फोटो बघितले की पुढचं दिसतं, जेसिंडा भाषणाला उठली आणि बाळ क्लार्कच्या मांडीवर होतं. क्लार्क गेफर्ड, तिचा जोडीदार, नीवचा बाबा. ती बोलत होती तेवढा वेळ मुलगी त्याच्याकडे, आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्या वर्षांत दिवसाचा मोठा भाग मुलगी त्याच्याकडेच असायची.

म्हणून ही केस मला एकट्या आईची न धरता अख्ख्या घराची धरून मांडायचीये. आपल्या आसपास आता ब्रांच मॅनेजर, मुख्याध्यापिका, डीन, कंपनीत व्हीपी, जिल्ह्याच्या अधिकारी अशा बायका भरपूर आहेत आणि त्यातल्या प्रत्येकीला येताजाता विचारलं जातं, कसं जमवतेस गं. ती बिचारी हसून काहीतरी उत्तर देते. पण कसं जमतं हे तिच्या टाइमटेबलमध्ये शोधून सापडत नाही, त्या घरात बाकीच्यांनी काय सोडलं आणि काय उचललं तिथे बघावं लागतं, आणि जेसिंडाच्या केसमध्ये ते जाहीरपणे घडलं म्हणून ती केस अभ्यासाला चांगली.

आधी क्रम सांगते, तारखा एकमेकींच्या किती जवळ आहेत ते बघा. 1 ऑगस्ट 2017 ला ती लेबर पक्षाची नेता झाली, वय 37, निवडणूक दोन महिन्यांच्या आत. त्याच संध्याकाळी टीव्हीवर तिला मुलांचा विषय विचारला गेला, करिअर की मुलं, काही निवडावं लागेल असं वाटतं का वगैरे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या कार्यक्रमात मार्क रिचर्डसन नावाच्या सूत्रसंचालकाने म्हटलं की नोकरी देणाऱ्याला बाईचा मुलांबद्दलचा बेत कळायला हवा. त्यावर तिने सरळ त्याच्याकडे बोट करून सांगितलं की 2017 साली कामाच्या ठिकाणी बाईला या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागणं अजिबात मान्य नाही. तिने यात एक बारीक फरक केला तो मला फार आवडतो, माझ्याबद्दल म्हणाल तर मी या विषयावर स्वतःहून बोललेय, मला विचारलंत तर चालेल, पण म्हणून बाकीच्या बायकांना विचारायचा हक्क तुम्हाला मिळत नाही. आपल्याकडे लग्न कधी, मिस्टरांची बदली होते का, मुलाला घरी कोण बघतं, हे प्रश्न अजून बिनदिक्कत विचारले जातात आणि नोकरी हवी असलेली मुलगी गुमान उत्तरं देते.

23 सप्टेंबरला मतदान झालं, बहुमत कोणालाच नाही. विन्स्टन पीटर्स यांचा छोटा पक्ष कोणाकडे जाणार यावर सगळं अडलेलं, रोज बैठका, आणि त्या गडबडीत 13 ऑक्टोबरला तिला कळलं की आपल्याला दिवस गेलेत. त्याआधी दोघांना सांगण्यात आलेलं की मूल हवं तर वैद्यकीय मदत लागेल, त्यामुळे हे अनपेक्षितच होतं. सहा दिवसांनी पीटर्सनी लेबरला पाठिंबा जाहीर केला. 26 ऑक्टोबरला शपथ. म्हणजे उलट्या, मळमळ, थकवा, आणि त्याच वेळी मंत्रिमंडळ बसवणं, आणि हे कोणाला सांगायची सोय नाही. ज्यांनी पहिले तीन महिने ऑफिसात लपवून काढलेत त्यांना यातलं सगळं न सांगता कळेल.

मग 19 जानेवारी 2018 ला तिने जाहीर केलं. पोस्टमध्ये फोटो होता माशाच्या गळांचा, दोन मोठे आणि एक छोटा. क्लार्क टीव्हीवर मासेमारीचा कार्यक्रम करायचा, त्याची ती खूण. आणि मजकुरात दोन्ही गोष्टी एकदमच सांगितलेल्या, मी पंतप्रधान पण असेन आणि आई पण, आणि क्लार्क घरी थांबून बाळ बघणारा बाबा असेल.

माझ्या मते अख्ख्या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच. बाळाला कोण बघणार हा प्रश्न देशाने विचारायच्या आत घराने उत्तर देऊन टाकलं, आणि ते उत्तर "बघू, जमवू, आई येईल, सासूबाई आहेत" असं मोघम नव्हतं, एका माणसाचं नाव होतं. आपल्याकडे उलटं होतं ना, बाईला प्रमोशनचं पत्र येतं, पेढे वाटले जातात, नवरा अभिमानाने स्टेटस ठेवतो, आणि रोज सकाळी साडेसातला मुलाच्या डब्याचं, दुपारी शाळेतून आणायचं, ताप आला तर कोणी रजा टाकायची, याबद्दल घरात कोणी एक शब्द बोललेलं नसतं. मग ते आपोआप आईवर पडतं, कारण ते आधीपासून तिच्यावरच असतं. सहा महिन्यांनी ती थकते आणि सगळे म्हणतात, बघ, झेपलं नाही.

त्या वेळी तिने आणखी एक सांगितलं, की नोकरी करून मूल सांभाळणारी मी काही पहिली बाई नाही, माझ्याआधी असंख्य जणींनी केलंय. हे नुसतं नम्रपणे बोलणं नव्हतं. न्यूझीलंडच्या संसदेत व्हेटू तिरिकातेने-सलिव्हन ही माओरी खासदार 1970 मध्येच पदावर असताना आई झाली होती, तेव्हा कॅमेरे मागे नव्हते आणि सोयी तर नव्हत्याच.

21 जून 2018 ला ऑकलंड सिटी हॉस्पिटलमध्ये मुलगी झाली, नाव ठेवलं "नीव ते आरोहा". निवडून आलेली सरकारप्रमुख पदावर असताना बाळंत होण्याची ही जगातली दुसरी वेळ. पहिली बेनझीर भुट्टो, 25 जानेवारी 1990, मुलगी बख्तावर. गंमत म्हणजे 21 जून हा बेनझीरचाच वाढदिवस. पण त्या दोन बाळंतपणांमध्ये अठ्ठावीस वर्षांचं अंतर आहे आणि ते अंतर वाचताना पोटात कालवतं, कारण बेनझीरचं सिझेरियन गुपचूप उरकलं गेलं, विरोधक आधीपासून ओरडत होते की पंतप्रधानाला बाळंतपणाची रजा नसते, आणि दुसऱ्याच दिवशी तिने सरकारी फायली हातात घेतल्या, हे तिने स्वतःच नंतर लिहिलंय. सिझेरियनच्या दुसऱ्या दिवशी. ज्यांचं झालंय त्यांना विचारा त्या दिवशी कुशीवर वळताना काय होतं.

जेसिंडाने सहा आठवडे घेतले. तेवढा काळ विन्स्टन पीटर्स कार्यवाहक पंतप्रधान, 73 वर्षांचे मुरलेले राजकारणी, वेगळ्या पक्षाचे, वेगळ्या विचारांचे, आणि तरी तिने खुर्ची त्यांच्याकडे दिली. महत्त्वाचे कागद ती घरून बघत होती पण रोजचा कारभार त्यांचा. 2 ऑगस्टला ती परत आली. सरकार पडलं नाही, पक्ष फुटला नाही, काही झालं नाही. मोठ्या पदावरच्या बायकांना रजेची जी भीती असते, मी गेले की माझी जागा गेली, ती खोटी नसतेच, पण ती जाते कधी तर आपल्या जागी कोण आणि कुठल्या तारखेपर्यंत हे लेखी आणि जाहीर असेल तेव्हा. इथे ते आधीच ठरलेलं होतं. नुसतं "काळजी करू नकोस, आम्ही बघतो" म्हणणाऱ्या बॉसपेक्षा कागदावरची एक तारीख जास्त आधार देते.

सहा आठवडे हा काळ कमीच, हेही म्हणायला हवं. बाळ धड रात्रीची झोप घेत नसतं, अंगावर पाजणं चालू असतं. हिचं ऑकलंडमध्ये स्वतःचं घर आणि वेलिंग्टनमध्ये सरकारी घर, मध्ये विमानप्रवास, म्हणजे बाळ आणि बाळाची पिशवी आणि बाबा सगळे तिच्या कामामागे हलणार. यातला "बाबा" काढून टाका आणि मग कल्पना करा.

पहिली मोठी ठेच लगेच लागली, सप्टेंबर 2018 मध्ये, आणि मला वाटतं फोटोपेक्षा या प्रसंगातून जास्त शिकायला मिळतं. पॅसिफिक बेटांच्या देशांची परिषद नाउरूला होती. नीव अकरा आठवड्यांची, तिथे जायला लागणाऱ्या लसी देण्याएवढी मोठी झालेली नाही, आणि आई अंगावर पाजते, म्हणजे तीन दिवस सोडून जाणं शक्य नाही. पीटर्स आणि बाकीचं शिष्टमंडळ आधी गेलं, ही एका दिवसासाठी वेगळ्या फेरीने हवाई दलाच्या विमानाने जाऊन आली. झालं, पैशांचा हिशोब सुरू, जनतेच्या कराचे हजारो डॉलर एका बाळासाठी उडवले. तिने समजावलं की नाउरूच्या विमानतळावर विमान उभं करायला जागाच कमी, ते तसंही दुसऱ्या बेटावर नेऊन ठेवावं लागणार होतं, पण कोण ऐकतो. आणि ती म्हणाली की गेले असते तरी बोलले असतात, नसते गेले तरी बोलले असतात. खरंच होतं ते. नसती गेली तर मथळा असता की बाळ झालं आणि पंतप्रधानाने परिषद बुडवली.

हे आपल्या ऑफिसांत लहान प्रमाणात रोज होतं. बाहेरगावचं ट्रेनिंग नाकारलं तर "हिला आता इंटरेस्ट नाही", आणि गेली तर "एवढं लहान मूल टाकून गेली". पुरुष मॅनेजर एका दिवसात मीटिंग उरकून रात्रीच्या गाडीने परत आला तर त्याला कोणी कारण विचारत नाही. नाउरूमध्ये जेसिंडाने जे केलं ते मला बरोबर वाटतं, काम टाळलं नाही, बाळाचं दूध टाळलं नाही, आणि टीका झाली तेव्हा गप्प बसून अपराधी चेहरा न करता कारण सांगितलं. प्रत्येकीकडे हवाई दलाचं विमान नसतं हे उघड आहे, पण तीन दिवसांची मीटिंग एका दिवसात बसवता येते का एवढं विचारायची मोकळीक तरी हवी.

मग त्याच महिन्यात न्यूयॉर्क. संयुक्त राष्ट्रांनी नीवला ओळखपत्र करून दिलं, त्यावर लिहिलेलं न्यूझीलंडची "फर्स्ट बेबी". क्लार्कने त्याचा फोटो टाकला आणि सोबत सांगितलं की काल एका मीटिंग रूममध्ये मी लंगोट बदलत असताना जपानचं शिष्टमंडळ आत आलं, त्यांचे चेहरे टिपायला हवे होते, तिच्या एकविसाव्या वाढदिवसाला सांगायला भारी किस्सा होईल. या किश्शात लंगोट कोण बदलतंय ते बघा. आई त्या वेळी तिच्या कामात. आणि अजून एक, क्लार्कचं तिकीट त्यांनी स्वतःच्या पैशाने काढलं होतं कारण तो तिथे मुख्यतः बाळ सांभाळायला चाललेला. सरकारी दौऱ्यात पंतप्रधानाचा जोडीदार म्हणून तिकीट मागता आलं असतं, पण नाउरूचं ताजं होतं, आणि अशा घराला स्वतःच्या खिशातून किती गोष्टी गुपचूप भराव्या लागतात त्याचा हा नमुना.

त्याच सुमारास मुलाखतींमध्ये ती एक गोष्ट आवर्जून सांगायची, की मला आदर्श म्हणून बघू नका, मी मुलीला कामावर घेऊन जाऊ शकते, फार थोड्या बायकांना ते शक्य असतं. हे वाक्य त्या महिला दिनाच्या फोटोखाली कोणी लिहीत नाही, लिहायला पाहिजे.

राणी एलिझाबेथचं एक पण सांगते. जेसिंडाने त्यांना विचारलं होतं की तुम्ही एवढी जबाबदारी असताना मुलं कशी वाढवलीत, त्यावर राणी म्हणाल्या, आपलं करत राहायचं. राणीच्या निधनानंतर 2022 मध्ये जेसिंडाने ही आठवण सांगितली, प्रेमाने सांगितली. पण राणीकडे राजवाड्यात दाया होत्या, नोकरचाकर होते. करत राहायला मागे माणसं लागतात. आपल्या आज्या पण हेच म्हणायच्या, आणि त्यांच्याही मागे जावा, नणंदा, मोठ्या मुली असायच्या, त्यातल्या मोठ्या मुलीची शाळा सुटलेली असायची ते कोणी मोजलं नाही.

आता घराच्या आतलं. मार्च 2020, देशात लॉकडाऊन लागणार त्या रात्री ती फेसबुकवर लाइव्ह आली, घरातून, अंगात साधा स्वेटशर्ट, म्हणाली आत्ताच मुलीला झोपवलंय म्हणून कामाच्या कपड्यांत नाही, आणि मग लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देत बसली. दुसरा प्रसंग नोव्हेंबर 2021 चा, पुन्हा लाइव्ह, कोविडच्या नियमांबद्दल बोलतेय आणि बाजूने छोटा आवाज, मम्मी. तीन वर्षांची नीव अंथरुणातून उठून आलेली. ही म्हणते, तू झोपायला हवंस ना राजा, जा, मी आलेच. मुलगी जाते. ही लोकांची माफी मागते, म्हणते झोपवण्याचा कार्यक्रम फसला, तुमची पण मुलं अशी तीन तीन चार चार वेळा पळून येतात का, नशीब माझी आई आलेली आहे. थोड्या वेळाने मुलगी परत हजर, एवढा वेळ का लागतोय. तेव्हा मात्र तिने लाइव्ह आवरतं घेतलं, सॉरी म्हणाली, हिला झोपवायला जाते, वेळ होऊन गेलीये.

लोकांनी ती क्लिप गोड म्हणून फिरवली. मला त्यातलं "माझी आई आलेली आहे" जास्त महत्त्वाचं वाटलं. घर बघणारा बाबा असूनही आजी लागलीच. एका लहान मुलामागे रोजचा एक माणूस आणि अडीनडीला येणारा दुसरा, एवढं मनुष्यबळ लागतंच, आई कितीही हुशार असली तरी. आणि त्या शेवटच्या प्रश्नाला, एवढा वेळ का लागतोय, कुठल्याच नोकरीत नीट उत्तर नसतं. तिने ते लाइव्हवर सगळ्यांसमोर मान्य केलं आणि उठून गेली.

इथे कायद्याचं बघू, कारण घराची व्यवस्था एका चांगल्या नवऱ्यावर अवलंबून ठेवणं धोक्याचं आहे. न्यूझीलंडमध्ये पगारी पालक रजा 18 आठवडे होती, जेसिंडाच्या सरकारने आल्या आल्या कायदा केला आणि ती 1 जुलै 2018 पासून 22 आणि 1 जुलै 2020 पासून 26 आठवडे झाली. आता आपल्याकडचं बघा, 2017 च्या दुरुस्तीने आपली बाळंतपणाची रजा 12 आठवड्यांवरून 26 वर गेली, पहिल्या दोन मुलांसाठी. आकडा तोच. मग फरक कुठे? न्यूझीलंडमध्ये पैसे सरकार देतं, ठरावीक मर्यादेपर्यंत, आणि आई ती रजा जोडीदाराच्या नावावर करू शकते. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी पूर्ण पगार मालकाने द्यायचा आणि रजा फक्त आईची. म्हणजे लहान कंपनीचा मालक मनात हिशोब करतो की बाई घेतली तर सहा महिन्यांचा पगार अंगावर, आणि बाप कितीही तयार असला तरी त्याच्यासाठी खासगी नोकरीत देशभर लागू अशी पगारी रजा नाहीच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्याला 15 दिवस मिळतात. पंधरा दिवसांत बाळाचं बारसंही होत नाही धड.

त्याच दुरुस्तीत 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी असंही आहे. आपापल्या ऑफिसात आहे का बघा.

आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळाचीच गोष्ट. देवळालीच्या आमदार सरोज अहिरे डिसेंबर 2022 मध्ये अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूर अधिवेशनाला आल्या. कौतुक झालं, फोटो झाले, हिरकणी कक्ष उघडला गेला. मग पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईत त्या बाळाला घेऊन आल्या तर कक्षाची अवस्था अशी की धूळ, धड सोय नाही, त्यांना ते जाहीरपणे सांगावं लागलं, डोळ्यांत पाणी आलं. दोन महिन्यांत कौतुक संपलं होतं. वेलिंग्टनच्या संसदेत सभापती ट्रेव्हर मलार्ड यांनी मुलांसाठी नियमच बदलायला घेतले होते, आणि 2019 मध्ये एका खासदाराच्या बाळाला सभापतींच्या खुर्चीत बसून स्वतः बाटलीने दूध पाजलं, ते बाळही एका पुरुष खासदाराचं, तामाती कॉफी यांचं. आमदार बाईला जी खोली मिळत नाही ती एसटी स्टँडवरच्या बाईला किंवा पंचायत समितीच्या सभापतीला कशी मिळणार. आपल्याकडे स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत, त्यातल्या कितीतरी जणी पदावर असतानाच आई होतात, आणि त्यांच्यासाठी काय केलंय याची चर्चा होतच नाही.

शेवटचा भाग राजीनाम्याचा आणि इथेच सगळ्यात जास्त चुकीचं लिहिलं गेलं. 19 जानेवारी 2023, न्यूझीलंडमधलं नेपियर शहर. गरोदरपण जाहीर केलं त्याला बरोबर पाच वर्षं झालेली. ती म्हणाली, हे काम नीट करायला जेवढं बळ लागतं तेवढं आता माझ्यात उरलेलं नाही. मग मुलीला उद्देशून, तू यंदा शाळेत जाशील तेव्हा मम्मा तिथे असेल, मम्मा त्याची वाट बघतेय, आणि क्लार्कला, चल, आता एकदाचं लग्न करू. लग्न 2022 च्या जानेवारीत ठरलेलं पण ओमायक्रॉनमुळे देशात निर्बंध आले, इतरांना नियम लावून स्वतः लग्न कसं करायचं म्हणून तिने रद्द केलं होतं.

बीबीसीने त्या दिवशी मथळा दिला की बायकांना खरंच सगळं मिळू शकतं का. लोक चिडले, बीबीसीला मथळा बदलावा लागला. योग्यच झालं. पाच वर्षांत तिच्या वाट्याला काय काय आलं ते बघा, ख्राइस्टचर्चच्या मशिदींवरचा हल्ला ज्यात 51 माणसं गेली, व्हाकारी बेटावरचा ज्वालामुखी, महामारी, 2022 मध्ये संसदेच्या हिरवळीवर तीन आठवडे ठाण मांडलेला जमाव, आणि सतत वाढणाऱ्या धमक्या, तिला आणि घरच्यांनाही. एवढं झाल्यावर कुठलाही पुरुष पंतप्रधान थांबला असता तर लिहिलं असतं, थकला, मोठ्या मनाने बाजूला झाला. हिच्याबाबतीत लगेच आईपण आलं. मुलीचा उल्लेख तिने स्वतः केला हे खरं, पण कारण म्हणून तिने बळ संपल्याचं सांगितलं होतं. घर मोडत होतं म्हणून ती गेली असं म्हणायला कुठेच आधार नाही, उलट घरच टिकलं म्हणून ती तेवढी वर्षं टिकली असं मला वाटतं.

नंतरचं थोडक्यात. जून 2023 मध्ये नीव पाच वर्षांची झाली, तिथे मुलं पाचव्या वाढदिवसाच्या सुमारास शाळेत जातात. मग हार्वर्डच्या फेलोशिपसाठी काही काळ अमेरिका. 13 जानेवारी 2024 ला हॉक्स बेमध्ये लग्न झालं.

आणि क्लार्क. त्याचं काम पूर्ण बंद पडलं नव्हतं. 2021 पासून तो टीव्हीवर एक कार्यक्रम करत होता, जुनी लाकडी घरं ट्रकवर चढवून दुसरीकडे नेऊन बसवतात त्याचा. शिवाय घरातल्या घरात तो जेसिंडाचं चित्रण करत राहिला, तेच पुढे 2025 च्या माहितीपटात वापरलं गेलं, त्यात ती थकलेली, घरच्या कपड्यांतली, कामाच्या कागदांत बुडालेली दिसते. म्हणजे घरी थांबणं हे त्याच्यासाठी सगळं संपणं नव्हतं, मूल लहान असतानाची काही वर्षं होती, वेग कमी केलेला. हे मुद्दाम सांगतेय कारण आपल्याकडे नवऱ्याने दोन वर्षं घर बघायचं म्हटलं की आईवडिलांच्या डोळ्यांसमोर अंधार येतो, मुलगा बायकोच्या जिवावर बसला असं लोक म्हणतील याचीच धास्ती. त्या मुलाला परत नोकरी शोधताना त्या दोन वर्षांबद्दल काय काय ऐकावं लागतं ते भरती करणाऱ्या लोकांना चांगलं माहितीये, आणि बायकांसाठी कंपन्यांनी जे परतीचे प्रोग्राम सुरू केलेत ते पुरुषांनाही खुले करायला कुठल्या नव्या कायद्याची वाट बघायची गरज नाही.